हात एक, संगणक अनेक

साबणाच्या डबीहून थोडी मोठी, काळी, पुढच्या बाजूला दोन-चार बटणे आणि तितकेच बारीक दिवे, मागे वायरींचा गुंता. अशी एक वस्तू पुष्कळ कचेऱ्यांत टेबलाच्या कडेला पडलेली असते. तिच्याकडे कुणी पाहत नाही. पाहुणा आला तर संगणकाची चौकशी करतो, मॉनिटर केवढ्याला पडला ते विचारतो. या डबीची विचारपूस कुणी करीत नाही. काम मात्र ती मोठे करते. टेबलावर संगणक दोन असोत, चार असोत, नाहीतर शेजारच्या खोलीत सोळा असोत; की-बोर्ड एकच, माऊस एकच आणि पडदाही एकच. बटण दाबले की हे तिन्ही या संगणकाचे होतात, पुन्हा दाबले की त्या संगणकाचे. की-बोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन तिला ‘केव्हीएम स्विच’ म्हणतात.

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आठवतात. डबीला कसला आला आहे इतिहास, असे कुणी म्हणेल. पण वाटून घेण्याच्या प्रत्येक व्यवस्थेला इतिहास असतो. विहीर एक आणि गाव मोठे असले की पाण्याच्या पाळ्या ठरतात. त्या कुणी ठरवल्या, कोण पुढे राहिले आणि कुणाला घागर घेऊन दूर उभे राहावे लागले, यावरून त्या गावाची खरी ओळख पटते. संगणकाचेही तसेच आहे. माणूस आणि यंत्र यांपैकी कुणी कुणासाठी थांबायचे, याचा निकाल गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पार उलटा झाला. ही डबी त्या उलथापालथीची साक्षीदार आहे.

आधी ‘स्विच’ या शब्दाकडे वळू. आपल्याकडे हा शब्द विजेच्या दिव्याबरोबर आला आणि ‘बटण’ होऊन भिंतीवर बसला. अमेरिकेत मात्र रेल्वेच्या सांध्यालाही स्विच म्हणतात. गाडी एक, रूळ दोन. सांधेवाल्याने दांडा ओढला की गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते. डब्यात बसलेल्या प्रवाशाला ते कळतही नाही. पण तो कुठे पोहोचणार, हे त्या दांड्याने ठरवलेले असते.

टेलिफोन आला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रॉजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा करीत. त्या काळी टेलिफोन केंद्रातली ऑपरेटर हाताने वायर खोचून एकाचे बोलणे दुसऱ्याशी जोडून द्यायची. सांगतात ते असे, की स्ट्रॉजर यांच्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच त्या केंद्रात कामाला होती आणि गिऱ्हाईकांचे फोन ती परस्पर नवऱ्याकडे वळवायची. ही दंतकथा खरी असो वा नसो, स्ट्रॉजर यांनी माणसाच्या मध्यस्थीशिवाय जोडणी करून देणाऱ्या स्विचचे पेटंट १८९१ मध्ये मिळवले ही गोष्ट पक्की आहे. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी तसे टेलिफोन केंद्र सुरूही झाले. खटका ज्याच्या हाती, त्याच्या हाती बरेच काही असते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आता संगणकाकडे येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून ‘सीडीसी ३६००’ हे मोठे यंत्र आले. तो काळ यंत्राच्या दिमाखाचा होता. यंत्राला थंड हवेची खोली आणि माणसाला बाहेर रांग. तुम्ही तुमचे गणित छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवायचे, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि निघून जायचे. पाळी आली की यंत्र ते वाचणार. उत्तर तासांनी मिळणार, नाहीतर दुसऱ्या दिवशी. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तेवढेच छापून येणार, आणि पुन्हा रांग. यंत्र इतके महाग होते, की ते एक क्षणही रिकामे बसता कामा नये. माणसाचा वेळ मात्र कुणी मोजत नव्हते.

हा अन्याय पहिल्यांदा सलला तो शास्त्रज्ञांनाच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये एक प्रयोग करून दाखवला. एकाच संगणकाला अनेक टाइपरायटरसारखी यंत्रे जोडायची आणि प्रत्येकापुढे एक माणूस बसवायचा. संगणक प्रत्येकाला क्षणाचा एक लहानसा तुकडा देणार आणि पुढच्याकडे जाणार. आपल्या पंगतीतला वाढपी आठवा. तो एका पानावर भात वाढतो आणि पुढे सरकतो. तुम्ही तो कालवून खाईपर्यंत तो सगळी पंगत फिरून पुन्हा तुमच्यापुढे हजर. तो केवळ आपल्यासाठीच आहे, असे प्रत्येकाला वाटते. याला ‘टाइम शेअरिंग’ म्हणजे वेळेची वाटणी म्हणू लागले. एक गोष्ट गमतीची आहे. यंत्र सामाईक झाल्यावर आपले कागद दुसऱ्याने उघडू नयेत, ही अडचण आली. संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात ज्या थोड्या ठिकाणी झाली, त्यांत या यंत्रणेचे नाव घेतले जाते. वाटणी आली की तिच्या पाठोपाठ कडीकुलूप येतेच.

माऊसची जन्मकथाही सामाईकपणाचीच आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातांतून लाकडी खोक्याचा पहिला माऊस १९६४ च्या सुमारास तयार झाला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या परिषदेत एंगलबार्ट यांनी तो जगाला दाखवला. त्या प्रात्यक्षिकात सुमारे तीस मैलांवरच्या मेन्लो पार्कमधला त्यांचा सहकारी आणि ते स्वतः, असे दोघे एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करताना लोकांनी पाहिले. दोघांचे दर्शक वेगवेगळे आणि मजकूर एकच. म्हणजे माऊस लोकांपुढे आला तो ‘माझा’ म्हणून नव्हे, ‘आपला’ म्हणून.

पण पुढे काळ वेगळा आला. १९८१ मध्ये आयबीएमने ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. नावातच ‘पर्सनल’. प्रत्येकाचा आपापला संगणक, आपापला की-बोर्ड. एकत्र कुटुंबातल्या मुलांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसे झाले. यंत्रे स्वस्त होत गेली आणि नव्वदच्या दशकात कचेऱ्यांतून त्यांची गर्दी झाली. तेव्हा वाटून घेण्याची पाळी प्रिंटरवर होती. ज्यांनी त्या काळात कचेरीत काम केले आहे त्यांना तो करड्या रंगाचा पत्र्याचा डबा आठवेल. त्याच्या तोंडावर एक मोठा गोल खटका आणि बाजूला ए, बी अशी अक्षरे. तुम्हाला छापायचे असेल तर खटका ‘ए’वर फिरवा, शेजारच्या टेबलाला छापायचे असेल तर ‘बी’वर. आत दुसरे काही नाही. तारेला तार टेकवायची, एवढेच. “अहो, जरा बी करा!” अशी हाक अनेक कचेऱ्यांत ऐकू यायची.

मग हाच डबा की-बोर्डला का लावू नये? लोकांनी लावून पाहिला आणि अडचणी सुरू झाल्या. प्रिंटर बहुतेक वेळ ऐकून घेतो. की-बोर्ड आणि संगणक यांचे मात्र अखंड बोलणे चालू असते. संगणक सुरू होताना आधी हाक मारतो, “की-बोर्ड आहेस का?” उत्तर आले नाही तर अडून बसतो. त्या काळच्या संगणकांचा एक संदेश चांगलाच गाजला होता: की-बोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी ‘एफ-वन’ दाबा. जो सापडतच नाही, त्याच्यावरची कळ दाबायची कशी? माऊसची तऱ्हा आणखी नाजूक. हाताची प्रत्येक हालचाल तो ठरावीक तुकड्यांत सांगतो. मधेच तार तुटली आणि पुन्हा जोडली तर संगणकाला पहिला तुकडा कुठला आणि दुसरा कुठला ते कळेनासे होते, आणि पडद्यावरचा बाण अंगात आल्यासारखा नाचू लागतो. १९८७ पासून आलेली ती छोटी गोल छिद्रे, ज्यांना पुढे की-बोर्डसाठी जांभळा आणि माऊससाठी हिरवा रंग मिळाला, ती चालू यंत्रात काढघाल करण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

तेव्हा नुसता खटका पुरेना. डबीला डोके द्यावे लागले. डबीत एक लहानसा प्रोसेसर बसवला गेला, आणि त्याचे काम म्हणजे प्रेमळ थापा मारणे. संगणक चार असतील तर चौघांनाही तो सतत सांगत राहतो, “हो, की-बोर्ड जागेवर आहे. माऊसही आहे. काळजी नको.” खरा हात त्यांपैकी एकाशीच बोलत असतो. उरलेल्या तिघांना आपण एकटे पडलो आहोत याचा पत्ताच नसतो. इतकेच नव्हे, कुठल्या संगणकावर ‘कॅप्स लॉक’ चालू होते आणि कुठल्यावर बंद, हेही तो लक्षात ठेवतो आणि त्या संगणकाकडे परतताना की-बोर्डवरचा दिवा तसा लावून देतो. वाटते तितके हे सोपे नाही. चार घरी स्वयंपाक करणारी बाई कुणाकडे तिखट कमी आणि कुणाकडे गूळ जास्त हे जसे ध्यानात ठेवते, तशी ही आठवण आहे.

बाजारात या डबीचे नशीब उघडले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. कंपन्या, बँका, विद्यापीठे यांनी आपली कामे अनेक छोट्या ‘सर्व्हर’ संगणकांवर वाटून दिली. हे सर्व्हर एकोणीस इंच रुंदीच्या लोखंडी चौकटीत एकावर एक रचले जातात. पुरुषभर उंचीच्या चौकटीत बेचाळीस खण असतात आणि एकेका खणाची उंची जेमतेम पावणेदोन इंच. आता अशा प्रत्येक पातळ संगणकाला काचेच्या नळीचा तो अवजड, गरम होणारा मॉनिटर जोडायचा तर चौकटीपेक्षा मॉनिटरांनाच जागा जास्त लागणार. शिवाय पाहणारा माणूस एकच. मग एक पडदा, एक की-बोर्ड, एक माऊस आणि मधे ही डबी. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सविलची सायबेक्स ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी १९९५ मध्ये ‘केव्हीएम’ हे नाव रूढ केल्याचे मानले जाते. २००० मध्ये सायबेक्स आणि तिची प्रतिस्पर्धी एपेक्स यांचे विलीनीकरण होऊन अ‍ॅव्होसेंट ही कंपनी झाली.

पाहा, चित्र कसे फिरले. पस्तीस वर्षांपूर्वी वाढपी एक होता आणि पंगत मोठी. आता जेवणारा एक आणि वाढपी बेचाळीस, हातात पळी घेऊन ताटकळत उभे. पूर्वी यंत्राचा क्षण महाग होता. आता माणसाचा हात महाग झाला. हा बदल कुणी जाहीर केला नाही, त्यासाठी मोर्चा निघाला नाही. एका काळ्या डबीने तो मुकाट्याने नोंदवून ठेवला.

या डबीने एका उपेक्षित कळीचाही उद्धार केला. की-बोर्डच्या उजव्या कोपऱ्यात वरती ‘स्क्रोल लॉक’ नावाची कळ असे. ती कशासाठी आहे हे शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नसे, कारण पुढे तिचा उपयोगच फारसा उरला नाही. नेमकी म्हणूनच डबी बनवणाऱ्यांनी ती हेरली. कळ लागोपाठ दोनदा दाबा, मग आकडा दाबा; त्या आकड्याचा संगणक समोर. जी कळ कुणाच्याच कामाची नाही, तीच निरोपासाठी सर्वांत भरवशाची.

आता या सोयीतला धोका. हात एक आणि यंत्रे अनेक झाली, की सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो, ‘आत्ता मी कुणाशी बोलतो आहे?’ पडदे एकसारखे दिसतात. एका यंत्राला द्यायची ‘बंद हो’ ही आज्ञा दुसऱ्याला दिली गेली, तर बँकेचे व्यवहार ठप्प होऊ शकतात. म्हणून अनुभवी माणसे महत्त्वाच्या संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी मुद्दाम लाल ठेवतात, यंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. आणि म्हणूनच डबीवरचा तो बारीक दिवा फार मोलाचा. जुन्या मुशायऱ्यांत शमा फिरत असे. ज्या शायरापुढे शमा ठेवली जाई, त्याची पाळी. सगळी मैफल त्या ज्योतीकडे पाहून ओळखायची, की आता बोल कुणाचा आहे. डबीवरचा दिवा ही तीच शमा आहे. ती विझली किंवा खोटी लागली तर मैफलीचा गोंधळ होतो.

ती खोटी लागू शकते, हे २०१३ मध्ये लंडनमध्ये दिसले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्विस कॉटेज भागातल्या बार्कलेज बँकेच्या शाखेत एक माणूस संगणक दुरुस्त करायला आलो आहे असे सांगून शिरला. त्याने तिथल्या एका संगणकाला केव्हीएमची डबी आणि तिला मोबाइलच्या जाळ्यावर चालणारा राउटर जोडला आणि तो निघून गेला. मग टोळीने दूर बसून त्या संगणकाचा की-बोर्ड आणि पडदा वापरला आणि सुमारे १३ लाख पौंड काढून घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका बँकेत हाच डाव टाकण्याच्या बेतात असताना पोलिसांनी टोळीला पकडले आणि २०१४ मध्ये शिक्षा झाल्या. इथे तिजोरी फोडली नाही, पहारेकऱ्याला बांधले नाही. फक्त की-बोर्डला एक दुसरा हात जोडला. टेलिफोन केंद्रातल्या त्या बाईची दंतकथा सव्वाशे वर्षांनी जणू खरी झाली. सरकारी आणि लष्करी कचेऱ्यांनी हा धोका आधीच ओळखला होता. त्यांच्यासाठी खास डब्या बनतात. गुप्त जाळ्यावरचा संगणक आणि साधा संगणक यांच्यामध्ये बसून त्या एकाचा शब्दही दुसऱ्याकडे जाऊ देत नाहीत.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डबी नेटवर्कला जोडली गेली आणि हात हजारो मैलांवर गेला. मुंबईत बसून दुसऱ्या खंडातला संगणक चालू-बंद करता येऊ लागला. पुढे सर्व्हरच्या पोटातच अशी सोय करणारी चिप बसवली जाऊ लागली. मग एकाच यंत्रात अनेक ‘आभासी’ संगणक राहू लागले. योगायोग असा, की त्यासाठी लिनक्समध्ये २००७ साली आलेल्या प्रणालीचे नावही ‘केव्हीएम’च; अक्षरे तीच, अर्थ वेगळा. दुसरीकडे डबीशिवाय काम भागवणारी सॉफ्टवेअर आली. २००१ चे ‘सिनर्जी’, २०११ चे मायक्रोसॉफ्टचे ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’, २०२२ मध्ये अ‍ॅपलने दिलेले ‘युनिव्हर्सल कंट्रोल’. यांत बाण एका पडद्याच्या कडेपर्यंत नेला की तो शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर उतरतो. सीमा ओलांडताना कुणी त्याला कागदपत्रे विचारत नाही. माणसाला हे भाग्य अजून लाभायचे आहे! २०२० मध्ये टाळेबंदी आली, घराच्या एकाच टेबलावर ऑफिसचा आणि घरचा असे दोन संगणक मांडले गेले, तेव्हा सर्व्हरच्या थंड खोलीतली ही युक्ती स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावरही आली.

पण ही सारी भरल्या घरची गोष्ट झाली. जिथे संगणकच एक आहे तिथे काय? बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात उदय सिंग पवार, ज्योयोजीत पाल आणि केंटारो टोयामा यांनी आपल्या ग्रामीण शाळांत हेच पाहिले. एका संगणकाभोवती अनेक मुले दाटीवाटीने बसलेली आणि माऊस मात्र एकाच्या मुठीत. जो अंगाने थोराड किंवा स्वभावाने दांडगा, तो चालवणार; बाकीची नुसती बघणार. संगणक शाळेत पोहोचला होता, पण मागच्या मुलापर्यंत पोहोचला नव्हता. त्यांनी आपल्या डबीच्या अगदी उलट गोष्ट केली. संगणक एकच ठेवला आणि प्रत्येक मुलाच्या हाती वेगळा माऊस दिला. पडद्यावर प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. २००६ मध्ये त्यांनी हे काम मांडले. नंतरच्या प्रयोगांत त्यांनी दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत जो आधी बटण दाबेल त्याचे उत्तर धरायचे. दुसरीत सर्वांनी एकच उत्तर निवडल्याशिवाय पुढे जायचे नाही. पहिल्या पद्धतीत शर्यत लागते. दुसरीत मुलांना एकमेकांशी बोलावे लागते, समजावावे लागते.

मला वाटते, संगणक वाटून घेण्याच्या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे पान आहे. माऊसची किंमत ती किती? संगणकाच्या मानाने चिल्लरच. पण त्या चिल्लर वस्तूने ठरवले, की मुलगी शिकणार की शिकणाऱ्याकडे बघत राहणार.

म्हणून नवी सोय दारी आली, की तिचा वेग आणि किंमत विचारण्याआधी दोन साध्या गोष्टी विचाराव्यात. ही सोय वापरताना कोण थांबणार आहे, यंत्र की माणूस? आणि माणूस थांबणार असेल, तर नेहमी तोच माणूस का? आज आपण दिवसभर फोन, संगणक, टीव्ही अशा चार-पाच पडद्यांमध्ये फिरत असतो आणि प्रत्येक पडद्याला वाटते, की आपले पूर्ण लक्ष त्याच्याकडेच आहे. ती थाप मारण्यासाठी आता डबी लागत नाही; ते काम आपणच शिकलो आहोत. डबी निदान प्रामाणिक होती. खरा हात कुणाकडे आहे, हे ती एक बारीक दिवा लावून सांगायची.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)